भगवानराव घरत यांणी हात आवरिला त्याची हकीकत

शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी, पौष मासी, इंग्रजी सन दोन हजार पंचवीसचे आरंभी, पनवेल प्रांती विचुंबे आणि सुकापूर या दोहों गावांमध्ये जो संग्राम मांडला, ज्यात घोडा नव्हता, तलवार नव्हती, आणि जो जितका हलका हात लावील तो तितका मोठा वीर ऐसा उफराटा कायदा होता, त्याची हकीकत यथामति लिहिली आहे. लोकांनी ती नाना प्रकारे सांगितली. कोणी म्हणाले मारामारी जाहली, कोणी म्हणाले लंगडीच ती, नाव तेवढे विलायती. तो सर्व गवगवा दूर सारून, जे मैदानात धावत होते आणि जे कठड्यावर बसून वडापाव खात होते, त्या उभयतांच्या जबान्या ताडून, जे घडले तेच येथे घातले आहे. वाचकांनी उणे तेथे पुरते करून घ्यावे, परंतु मारामारी घालू नये.

विचुंबे मुक्कामी भगवानराव घरत नामे गृहस्थ राहात. वय वर्षे बावन्न, न्हावा शेव्याचे वाटेवर कंटेनरांचे यार्ड, तेथे सुपरवायझर, आणि अवाढव्य ट्रेलरांस बोटाच्या खुणेने डावे-उजवे करणारा मनुष्य. परंतु ही त्यांची आजची चाकरी. खरी कीर्ती पूर्ववयातली. तेकाळी पनवेल-उरणच्या गावोगावी कबड्डीचे फड रंगत आणि भगवानराव विचुंब्याचे डाव्या कोपऱ्यावर उभे राहात. चढाईस आलेल्या ज्या वीराचा घोटा त्यांचे पंजात गेला, त्याने मध्यरेषा पुन्हा पाहिली नाही, तो थेट घरी जाऊन हळद लावता जाहला. या गोष्टीस तीस वर्षे लोटली, गुडघे कुरकुरू लागले, पोट अंमळ पुढे आले, तरी पंजा जैसा होता तैसाच राहिला, आणि लग्नाकार्यात कोणी ना कोणी आपले मनगट त्यांचे हाती देऊन सोडवून घेण्याची पैज लावी आणि हरे. भगवानरावांस या पंजाचा बहुत अभिमान. ऐसा की लोणच्याच्या बरणीचे झाकण घरात दुसऱ्या कोणी उघडलेले त्यांस खपत नसे.

त्यांची कन्या अनुयाबाई, वय चोवीस, नवीन पनवेलात हाडेसांधे ठीक करण्याच्या दवाखान्यात कामास. मुंबईस कालेजात असता तिने टच रग्बी म्हणोन एक विद्या हस्तगत केली आणि घरी परतल्यावर ती गावात रुजविण्याचा घाट घातला. दर रविवारी सकाळी सात ते नऊ, दोहों गावांच्या मधोमध जे मैदान आहे तेथे, पंधरा माणसे जमत आणि एका लांबट चेंडूमागे धावत. भगवानरावांस हे ठाऊक होते, परंतु रविवारची सकाळ त्यांची मासळीबाजाराची, त्यामुळे वर्ष होत आले तरी कन्येचा खेळ त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. कोणी विचारल्यास ते म्हणत, पोरगी पळायला जाते, तब्येतीस चांगले.

ऐशात संकट उपस्थित जाहले. मैदानाचा कारभार धनेशराव नामे गृहस्थांकडे. मनुष्य सरळ, परंतु किल्ल्यांचा जुडगा कमरेस लावून हिंडत असल्यामुळे किल्लेदारासारखा दिसे. क्रिकेटवाल्यांनी रविवारची तीच सकाळ मागितली, आणि त्यांची संख्या मोठी. मग धनेशरावांनी अनुयाबाईंस बोलावून दोन कलमांचे फर्मान ऐकविले. कलम पहिले, पंधरा माणसांकरिता सारे मैदान अडविता येत नाही, सबब माघ शुद्ध द्वादशी, नऊ फेब्रुवारी, रविवार, या दिवशी सहा-सहांचे चार पूर्ण संघ मैदानात उतरवून दाखवावे. कलम दुसरे, आपण रग्बी टीव्हीवर पाहिली आहे, त्यात बैलांसारखी माणसे एकमेकांवर पडतात. आपल्या मैदानात एक जरी मनुष्य धरून पाडला गेला तर खेळ त्याच क्षणी बंद आणि सकाळ क्रिकेटवाल्यांची. अनुयाबाईंनी परोपरीने विनविले की ती रग्बी निराळी, ही निराळी, यात कोणी कोणास पाडत नाही. धनेशराव म्हणाले, मग दाखव.

ती त्या रात्री जेवली नाही. ताटात कालवण निवत होते आणि ती मोबाईलवर माणसे मोजत होती. भगवानरावांनी एक भाकरी संपविली, दुसरी संपविली, मग विचारिले की मामला काय आहे. तिने सांगितला. तो ऐकून भगवानरावांच्या अंगी जुने वारे संचरले आणि ते बोलिले, "मानसं मी आनतो. किती कमी हायत?"

"नऊ," अनुया म्हणाली. "आणि बाबा, त्यात निम्म्या बायका पाहिजेत. मिक्स टीम आहे."

"बायका पन आनतो," भगवानराव म्हणाले, आणि मनिषाबाईंकडे, म्हणजे आपल्या कुटुंबाकडे, पाहते जाहले.

मनिषाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर न करता एवढेच विचारिले की पळताना साडी नेसायची की कसे. मग कोणी पंजाबी ड्रेस म्हणाले, आणि त्या म्हणाल्या, बरं. येणेप्रमाणे पहिली भरती चुलीपाशी जाहली.

दुसरे दिवसापासून भगवानरावांची स्वारी मुलूखगिरीस निघाली. यार्डातून निकेश नामे ट्रेलरचा ड्रायव्हर उचलला, वय अठ्ठावीस, चपळ; त्याची बायको अंकिता आणि अंकिताची बहीण या दोघी त्याच्या मागोमाग आल्या, कारण निकेश रविवारी कोठे जातो हे त्यांस पाहावयाचे होते. मग काशीराम भोईर, भगवानरावांचे कबड्डीतले जुने सोबती, वय त्रेपन्न, वजन विचारू नये. त्यांस सांगितले की चालण्याचा कार्यक्रम आहे. अशी घरची दोघे धरून सहा माणसे जमून विचुंब्याचा संघ सिद्ध जाहला, आणि आणखी तिघे काशीरामांचे भाचे-पुतणे जुन्या मंडळीत मिसळून दिले. शिरगणती बरोबर चोवीस. एकही शिल्लक नाही. कोणाचा पाय मुरगळला अथवा कोणाकडे हळदीकुंकू निघाले तर मोहीम बुडाली, ऐशी नाजूक अवस्था.

बारा जानेवारीस अनुयाबाईंनी नवी फौज रांगेत उभी केली आणि खेळाचे कायदे समजाविले ते ऐसे. हा चेंडू वाटोळा नसून पपईसारखा लांबट आहे. तो हाती घेऊन धावावे आणि समोरच्यांचे शेवटच्या रेषेपलीकडे भुईस टेकवावा म्हणजे एक गुण. परंतु चेंडू पुढच्या गड्यास देणे मना, द्यावयाचा तर बरोबरीच्यास अथवा मागच्यास. लाथ मारणे मना. धरणे, ढकलणे, पाडणे हे साफ मना. समोरचा चेंडू घेऊन आला की त्यास फक्त हात लावावा; अंगास लागो, कपड्यास लागो, वेणीस लागो, लागला म्हणजे लागला. मग ज्यास लागला त्याने तेथेच थांबून चेंडू भुईस ठेवावा आणि त्यावरून पुढे पाऊल टाकावे, मागच्या गड्याने तो उचलावा आणि डाव पुढे चालवावा. तोवर हात लावणाऱ्या पक्षाने सात ढांगा मागे सरावे. ऐसा सहा वेळा हात लागला की चेंडू समोरच्यांचा.

हे ऐकून काशीराम चिंताग्रस्त जाहले. "जायाचं पुडं नि द्यायाचं मागं," ते म्हणाले, "मंग पोचायचं कदी?"

निकेश म्हणाला, "काका, चाळीस फुटी ट्रेलर यार्डात लावताना आमी काय करतो? तोंड पुडं, ध्यान मागं. तसंच हाय हे."

काशीरामांनी जन्मात ट्रेलर लावला नव्हता, तरी त्यांस पटले. निकेश पहिल्याच दिवशी तरबेज जाहला. अंकिता आणि तिची बहीण यांनी निकेशला हात लावण्यात बहुत उत्साह दाखविला. मनिषाबाई चेंडू आला की छातीशी कवटाळीत आणि ज्यास द्यावयाचा त्यास आधी नावाने हाक मारून विचारीत, देऊ का. याखेरीज दोष म्हणावा ऐसा कोणाचा नव्हता. दोष उरला तो एका भगवानरावांचा.

कारण भगवानरावांस हात लावता येईना. ते धरीत. चेंडूवाला जवळून गेला की त्यांचा देह आपोआप खाली वाके, उजवा गुडघा भुईस टेके, आणि पंजा घोट्यावर बसे. हे सर्व विचाराच्या आधी होई आणि विचार मागाहून धापा टाकीत पोहोचे. एकदा अनुयाबाईंनी समज दिली. दुसऱ्यांदा ताकीद दिली. तिसऱ्यांदा, एकोणीस जानेवारीस, काशीराम चेंडू घेऊन आपले चालीने येत असता भगवानरावांनी त्यांचा डावा घोटा ऐसा पकडला की काशीराम आधी हवेत किंचित थबकले आणि मग सगळेच्या सगळे खाली आले. धूळ उडाली. कुत्री उठून गेली.

आणि दैवगती ऐसी की त्याच समयी धनेशराव फाटकातून स्कूटरवरून आत येत होते.

भगवानराव बोलिले, "मी धरलं नाय. त्याचा पाय माझ्या हातात आला."

धनेशरावांनी काशीराम उठेतो वाट पाहिली, ते जिवंत आहेत ऐशी खात्री करून घेतली, आणि अनुयाबाईंस शांतपणे सांगितले की आज सराव होता म्हणून सोडतो. नऊ तारखेस हेच जाहले तर फाटकास कुलूप. मग स्कूटर वळवून गेले.

अनुयाबाई पित्याजवळ आल्या. तिचा चेहरा लाल जाहला होता, परंतु आवाज चढविला नाही. "बाबा, हा टच आहे. पकड नाही. तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा. प्लीज."

भगवानराव बाहेर जाऊन कठड्यावर बसले. साऱ्या कारकिर्दीत कोणा कर्णधाराने त्यांस बाहेर बसविले नव्हते. तापात खेळले, बोट मोडले असता खेळले, लग्नाचे आदले दिवशी हळदीच्या अंगाने खेळले. आज धडधाकट असता पोटच्या पोरीने बसविले. प्रथम त्यांस संताप आला, मग शरम वाटली, मग करण्यासारखे दुसरे काही नव्हते म्हणून ते खेळ पाहू लागले. आणि पाहता पाहता त्यांचे ध्यानी आले की मैदानाच्या मधोमध जी मुलगी धावते आहे, चुकणाऱ्यास पुन्हा पुन्हा तेच सांगते आहे आणि चेंडू कोणा घाबरट बाईच्या हाती बरोबर बसला की स्वतःसच गुण मिळाल्यासारखी हसते आहे, ती आपल्या घरात राहाते आणि आपण तिला अद्याप पाहिली नव्हती. घरी ती ऐशी हसत नसे. घरी ती थकून येई आणि मोबाईल पाही. भगवानराव नऊ वाजेपर्यंत कठड्यावरून हलले नाहीत, आणि त्या दिवशी मासळीबाजार हुकला.

घरी आल्यावर त्यांनी जाहीर केले की आपण मोहिमेतून निवृत्त होत आहोत, आपल्यामुळे पोरीचे नुकसान नको. अनुया दवाखान्यात निघून गेली होती. मनिषाबाईंनी ते ऐकून घेतले, तवा चढविला, आणि म्हणाल्या, "मंग तेवीस झाली."

"कोन तेवीस?"

"मानसं. चोवीस पायजेत. तुमी गेलात की तेवीस. मंग धनेशभाऊ कुलूप लावायला नऊ तारखेची वाट तरी कशाला बघतील?"

भगवानराव आपल्या हाताकडे पाहून म्हणाले की आपण ठरवितो एक आणि हा करतो दुसरे, याला काय इलाज.

मनिषाबाई तव्यावरची तांदळाची भाकरी बोटांनीच उलटीत होत्या. त्यांनी नवऱ्यास हुकूम केला की इकडे यावे आणि भाकरी उलटावी. भगवानराव आले. पन्नास वर्षे भाकरी खाल्ली, उलटली एकही नव्हती. हात पुढे गेला, सवयीने पंजा उघडला, आणि तव्याची कड लागताच ऐशा वेगाने मागे आला की कोपर फ्रिजवर आदळले.

"बघा," मनिषाबाई म्हणाल्या. "येतो की हात मागं. तवा कोनी धरत नाय. बोट लावायचं नि काडायचं. आता दुसरी."

मग विचुंब्याचे स्वयंपाकघरात जी तालीम चालली तिला तोड नाही. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ भगवानराव भाकऱ्या उलटीत. त्यांतील कित्येक दुमडल्या, काही भुईस पडल्या, त्या सर्व त्यांनीच खाल्ल्या. मग मनिषाबाई हातात परात घेऊन ओट्यापासून दारापर्यंत चालत आणि त्यांनी जाता जाता पदरास दोन बोटे लावून तीन पावले मागे सरावे, ऐसा क्रम ठेविला. प्रथम पदर ओढला जाई. मग ओढला जाईनासा जाहला. यार्डातही भगवानराव ट्रेलरांना, खांबांना, एकदा साहेबांच्या खांद्यालाही दोन बोटे लावून मागे सरताना लोकांनी पाहिले, आणि कोणी काही विचारले नाही.

दोन फेब्रुवारीस ते मैदानात आले आणि कन्येस म्हणाले, बघ एकदा. अनुयाबाईंनी चेंडू घेतला आणि स्वतः पित्यावर दहा वेळा चाल केली. नऊ वेळा भगवानरावांची दोन बोटे लागली आणि देह मागे गेला. दहाव्या वेळी ती डावीकडे झुकून उजवीकडे निसटली, तेव्हा पंजा उघडला आणि बाहीची शिवण उसवून हातात आली.

दोघे ती बाही पाहात उभे राहिले.

"दहात एक," अनुया म्हणाली.

"एक लई झाला," भगवानराव म्हणाले. "धनेशला एकच पायजे."

तिने बाही त्यांच्या हातून घेतली. मग म्हणाली, "बाबा, मला चोवीस पाहिजेत. पण म्हणून नाही सांगत. या तुम्ही." आणि उसवलेली बाही खांद्यावर टाकून दुसऱ्यांना शिकवावयास गेली.

नऊ फेब्रुवारीचा दिवस उगवला. थंडी मोडत आली होती. कठड्यावर क्रिकेटवाले बॅटी मांडीवर घेऊन बसले होते, कारण कुलूप लागल्यास लागलीच ताबा घ्यावयाचा त्यांचा बेत. त्यांच्या शेजारी दोहों गावचे बघे. धनेशराव मध्यरेषेवर खुर्ची मांडून, जुडगा मांडीवर ठेवून बसले. प्रथम पंधरा-पंधरा मिनिटांचा एक सामना जुन्या मंडळींच्या दोन संघांत जाहला, त्यात अनुयाबाई धावल्याही आणि शिट्टीही त्यांनीच वाजविली, तो सुरळीत पार पडला, आणि धनेशरावांनी दोन वेळा जांभई दिली, हा शुभशकुन मानला गेला. मग विचुंबेकर आणि जुन्या मंडळींतले सहा सुकापूरकर समोरासमोर उभे ठाकले. पंच म्हणून अनुयाबाई, कारण शिट्टी कोठे वाजवायची हे दुसऱ्या कोणास ठाऊक नव्हते.

सुकापूरकरांची आघाडी रिया नामे एकोणीस वर्षांच्या मुलीकडे. अंगाने काडी, पायात वारा. शिट्टी होताच तिने पहिला गुण केला तेव्हा काशीराम अद्याप बुटाची नाडी पाहात होते. लागलीच दुसरा केला. जाता जाता ती भगवानरावांस हसून म्हणाली, "काका, पकडा ना." भगवानरावांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले, आणि बांधल्या हातांनी हात लावता येत नाही हे ध्यानी येईतो ती परतही आली होती.

मग विचुंब्याने उचल खाल्ली. निकेश, ट्रेलरच्या आरशात मागचे पाहावे तैसा, कडेने धावला आणि त्याने एक गुण फेडिला. अंकिताने बहिणीकडून चेंडू घेऊन दुसरा केला आणि नवऱ्याकडे पाहिले. सुकापूरकरांनी उत्तरार्धात तिसरा घातला. इतक्यात चेंडू भगवानरावांचे हाती आला. पुढे, दूर, रेषेजवळ, निकेश दोन्ही हात उंचावून मोकळा उभा होता, सारा कठडा ओरडत होता की तिकडे दे, आणि भगवानरावांचा हात तिकडे निघालाही होता, तोच पाठीमागून आवाज आला, मोठा नव्हे, घरात येतो तेवढाच, "अवो, मागं हाय मी." भगवानरावांनी न पाहता चेंडू मागे सोडिला. तो मनिषाबाईंनी छातीशी कवटाळिला आणि त्या धावत्या जाहल्या. सुकापूरकर भगवानरावांकडे धावले होते, ते वळेतो बाई पुढे गेल्या. रेषेपलीकडे जाऊन त्यांनी चेंडू दोन्ही हातांनी, भरला हंडा उतरवावा तैसा, हलकेच भुईस ठेविला, आणि येथेच ठेवायचा ना, ऐसे कन्येस विचारिले. अनुयाबाईंनी शिट्टी वाजविली. तीन विरुद्ध तीन.

शेवटली दोन मिनिटे उरली. सुकापूरकरांनी चाल केली, एक हात लागला, दोन लागले, तीन, चार. पाचवा मनिषाबाईंनी लाविला. मग चेंडू रियाकडे गेला आणि ती उजव्या कडेने सुटली. निकेश मागे पडला. काशीराम वाटेत होते, परंतु ते नुसते होते. रिया आणि रेषा यांमध्ये भगवानराव एकटे उरले.

ती डावीकडे झुकली. हीच ती दहावी वेळ, हे भगवानरावांचे देहाने ओळखिले. गुडघा वाकला. पंजा उघडला. तिचा घोटा पंजापासून वीतभर अंतरावरून जात होता, आणि ऐसा घोटा पूर्ववयात त्यांनी एकही सोडिला नव्हता. खुर्चीत धनेशराव पुढे झुकले आणि किल्ल्या वाजल्या. भगवानरावांनी पंजा मिटला. त्यातली दोन बोटे तेवढी बाहेर राहिली, ती तिच्या शर्टाच्या कडेस लागली, आणि ते तोल जाऊन स्वतःच मागे बसले.

रिया धावतच राहिली. रेषा ओलांडिली, चेंडू टेकविला, सुकापूरकर नाचू लागले.

भगवानराव बसल्या जागेवरून हात वर करून म्हणाले, "लागला."

कठड्यावरून हशा उठला. कोणी म्हणाले, भगवानदादांचा हात लागता तर पोरगी आत्ता जमिनीवर असती. निकेशने पाहिले नव्हते. मनिषाबाईंनी पाहिले नव्हते. ज्या पंजाची छाप पडली की चार दिवस वळ राहात, तो आज ऐसा हलका पडला की त्यास एकही साक्षीदार मिळेना.

अनुयाबाई दुसऱ्या कडेस होत्या, त्यांनीही पाहिले नव्हते. त्या धावत आल्या. पिता भुईवर बसून तिच्याकडे पाहात होता. तिने विचारिले, "लागला, बाबा?"

"दोन बोटं. शर्टाला."

मग अनुयाबाई पित्याकडे पाठ करून रियाकडे वळल्या. "रिया, तू सांग. तुला लागला का?"

रिया चेंडूवर हात ठेवून उभी होती. तिच्या संघाचे लोक तिच्याकडे पाहात होते. तिने शर्टाची कड चाचपून पाहिली, जणू तेथे काही लिहिलेले सापडेल. मग म्हणाली, "मला वाटलं वारा आहे." आणि कड सोडून म्हणाली, "वारा नव्हता. लागला."

सहावा हात जाहला. गुण रद्द, चेंडू विचुंब्याचा. सुकापूरकर हळहळले, परंतु कोणी भांडला नाही, कारण खुद्द त्यांच्याच सरदाराची जबानी. मग निकेशने चेंडू काशीरामांस दिला, काशीरामांनी तो आदराने हाती घेतला, दोन पावले चालविला आणि पाडिला, आणि वेळ संपल्याची शिट्टी जाहली. सामना बरोबरीत सुटला.

धनेशराव खुर्चीवरून उठून आले. त्यांनी क्रिकेटवाल्यांकडे पाहिले, रियाकडे पाहिले, भगवानरावांच्या त्या दोन बोटांकडे पाहिले. म्हणाले, "आमच्या क्रिकेटात चेंडू बॅटीला लागून गेला तरी कोणी सांगत नाही." मग निवाडा दिला की रविवारची सकाळ या खेळाची, आणि क्रिकेटवाल्यांनी नऊनंतर यावे, आणि एक किल्ली जुडग्यातून सोडवून अनुयाबाईंचे हाती दिली. क्रिकेटवाल्यांपैकी दोघांनी तेथेच विचारिले की पुढल्या रविवारी सातला आलो तर चालेल काय.

मंडळी चहास पांगली, तेव्हा अनुयाबाई पित्याशेजारी येऊन बसल्या. शिट्टी गळ्यातून काढून खिशात घातली.

"बाबा, मी पाहिलं नव्हतं खरंच."

"ठाव हाय मला."

"तुमच्या शब्दावर द्यायला पाहिजे होता का?"

भगवानरावांनी चहाचा घोट घेतला. "तसा दिला असतास," ते म्हणाले, "तर ह्यो खेळ माझा झाला असता. मंग तुझा कुटं राह्यला?" आणि कप खाली ठेवून विचारिले की पुढल्या रविवारी किती वाजता यावयाचे. ती म्हणाली, साडेसहाला, नवे लोक येणार आहेत, त्यांना पहिला धडा तुम्ही द्यायचा. भगवानरावांनी मान डोलाविली आणि मासळी आता शनिवारीच आणावी लागेल, ऐसे मनिषाबाईंस कळविले.

येणेप्रमाणे माघ शुद्ध द्वादशीस, सकाळी नऊ वाजण्यास पाच मिनिटे असता, तीन विरुद्ध तीन ऐशा बरोबरीने विचुंबेकरांची फत्ते जाहली, सुकापूरकरांचीही जाहली, आणि रविवार सात ते नऊ हा मुलूख टच रग्बीकडे बहाल जाहला. चोवीस माणसे मैदानात उतरली, चोवीसच बाहेर आली. धरून पाडलेला मनुष्य एकही नाही. धरून उठवावे लागले ते एकटे काशीराम भोईर, ते शिट्टी होताच मध्यरेषेवर बसले होते. त्यांस चौघांनी धरिले, परंतु खेळ संपल्यानंतर आणि त्यांच्याच विनंतीवरून, सबब ते मोजिले नाही.